देवाचा मासा आणि मगरीची पिल्लं

एकदा काय झालं, एका डोहाकाठी यसू भोईण राहायची. होडीतून माणसं पल्याड न्यायची. डोहातले मासे देवाचे, त्यांना कुणी धरायचं नाही, अशी गावाची रीत. यसूचं लेकरू डोहात बुडून गेलं, तेव्हापासून ती त्या माशांना रोज मूठभर भात घालायची. त्यांत एक मरळ मासा होता. खाऊन खाऊन दाराच्या फळीएवढा झाला, बरं का.

एका सकाळी मगरीण होडीला आडवी आली. म्हणाली, "यसूबाई, माझी वीस पिल्लं निघाली. तुमच्या देवाच्या माशानं सात गिळली. त्याला मारलं तर गाव मला भाल्यांनी मारेल. मग उरलेल्यांना कोण?"

यसूच्या मनात आलं, त्या माशाला पोसलं कुणी? तिनंच की!

मग ती गुरवाकडे गेली. गुरव म्हणाला, "देवाच्या माशाला बोटसुद्धा लावायचं नाही." तोवर पिल्लं नऊ राहिली. मग पाटलाकडे गेली. पाटील हसला, "मगरीची पिल्लं मेली तर बरंच झालं!" पिल्लं चार राहिली. मग ती देवळात गेली. रडत नव्हती हो, चांगली संतापली होती. "देवा, मासा तुझा, मग पिल्लं कुणाची?"

आणि ती तडक घरी आली.

डोहाच्या खाली, जिथले मासे देवाचे नव्हते, त्या धारेत मासे धरायचा तिचा एक बांबूचा पिंजरा होता. नुसत्या होडीवर भागायचं नाही, त्यावरच तिचं पोट. तोच तिनं डोहात काठाशी रोवला आणि चारी पिल्लं आत सोडली. बारीक मासोळ्या फटींतून आत जायच्या, पिल्लांचं पोट भरायचं. मरळ बाहेरून धडका द्यायचा. यसू मात्र नुसत्या पेजेवर राहिली.

मग दिवस गेले. पिल्लं मरळाच्या घशात मावेनात एवढी झाली. मगरीण आली आणि पिल्लांना तोंडात धरून न्यायला जबडा उघडून थांबली. काठावर गाव जमला. "यसू, मागे हो!" सगळे ओरडले. यसूनं एकेक पिल्लू उचलून त्या दातांमध्ये ठेवलं. चौथं ठेवताना तिचा हात कोपरापर्यंत आत होता. मगरीण हलली नाही. हात बाहेर आला, तेव्हाच तिनं अलगद तोंड मिटलं.

गुरवानं मान खाली घातली. त्या दिवसापासून डोहात भात टाकणं बंद झालं. मगरीण सुखात राहिली, यसूही राहिली. सोळा पिल्लं गेली ती गेली, बाळांनो, ती काही परत आली नाहीत.

चला, तुमची आई आत जागी आहे. मिटा डोळे.