नंदिकेने खुडलेल्या कळ्या

कृतयुग सरत आले होते आणि त्रेतायुग अजून लागायचे होते. त्या संधिकाळात शीतोदा नदीच्या तीरावर धौम्रक नावाचे महातपस्वी मुनी बारा वर्षांचे यज्ञसत्र करीत होते. सामगायनाने निनादणारा, निर्भय हरिणांच्या कळपांनी शोभणारा, हविर्गंधाने दरवळणारा तो आश्रम पाहून देवांनाही आपला स्वर्ग फिका वाटे, असे जुने लोक सांगतात. त्या आश्रमात पाणी कोण भरत होते, हे मात्र कोणी सांगत नाही. पाणी भरत होती मुनिपत्नी नंदिका.

सत्र चालू असेतो यजमानपत्नीने केसांत फूल माळायचे नाही, असा नियम होता. बारा वर्षे तिची वेणी रिकामी राहिली. तिने पतीकडून एकच वचन घेतले होते: सत्र पुरे होताच पहिले फूल इंद्राला वाहायचे आणि दुसरे मुनींनी स्वहस्ते तिच्या केसांत खोवायचे. म्हणून बाराव्या वर्षी, आषाढात, भूदेवीने दिलेले झेंडूचे बी तिने वाफ्यात पेरले. रोपे चार पानांवर येताच हातभर अंतराने लावली, मुळाशी पाणी साचू दिले नाही, शेणखतही बेतानेच घातले. खत फार झाले की नुसता पाला माजतो, हे तिला ठाऊक होते. मुनींना चारही वेद तोंडपाठ होते, पण बागेत त्यांनी कधी पाऊल टाकले नव्हते.

श्रावण संपता संपता एका सकाळी स्नानाहून परतताना मुनींना प्रत्येक रोपाच्या शेंड्यावर एकेक कळी दिसली. त्यांना कोण आनंद झाला! नंदिकेला एका शब्दाने न विचारता त्यांनी मंत्रबळाने इंद्राला तिसऱ्या दिवसाचे आवाहन धाडले. आणि त्याच दुपारी नंदिकेने, झाडाला फांद्या फुटाव्यात म्हणून, सगळे शेंडे कळ्यांसकट खुडून टाकले.

तिसऱ्या दिवशी रत्नखचित रथातून, मरुद्गणांच्या जयघोषात, वज्रधारी इंद्र अवतरला. मुनी त्याला मोठ्या दिमाखात वाफ्यापाशी घेऊन गेले. एकाही रोपावर फूल नव्हते. सुकलेल्या कळ्या मातीत पडल्या होत्या.

"पापिणी!" मुनी गर्जले, "बारा वर्षांच्या तपाचे फळ तू मातीत मिळवलेस! फुलाचा हव्यास तुला पहिल्यापासून होता. देवाचा भाग तू आपल्या वेणीसाठी खुडलास!"

"भगवन्, माझी वेणी पाहा, ती रिकामीच आहे," नंदिका म्हणाली. "पहिला शेंडा खुडला नाही, तर झाड सरळसोट वाढते, मोजकी फुले देते आणि थकते. खुडला, तर आश्विनात पान दिसू नये इतके बहरते. देवराजांना बोलावण्यापूर्वी आपण मला एकदा विचारायचे होते."

ती बोलली त्यात खोटे काही नव्हते. पण इंद्रासमोर बायकोने चूक दाखवावी, हे मुनींना कसे सोसणार? त्यांनी कमंडलूतले पाणी ओंजळीत घेतले.

"तर मग ऐक! या झाडाच्या पानाफुलांना उग्र दर्प येईल. तू काय, तुझ्यामागे जन्मणारी कोणतीही स्त्री हे फूल केसांत माळणार नाही!"

दैत्यांवर वज्र उगारणारा देवराज तेव्हा शेजारी उभा होता. त्याने रथ स्वर्गाकडे वळवला.

आश्विन आला. प्रत्येक रोप सोनेरी आणि केशरी फुलांनी इतके लगडले की फांद्यांना आधार द्यावा लागला. इंद्र पुन्हा आला आणि त्याने ओंजळ भरून फुले स्वीकारली. मुनींची मान खाली गेली.

"नंदिके, मी चुकलो. पण तपातून निघालेला शब्द मलाही मागे घेता येत नाही."

"देवी, खेद करू नकोस," इंद्र म्हणाला. "मी वर देतो. मंगलदिनी हे फूल प्रत्येक द्वारी झळकेल, रथांवर चढेल, अश्वांच्या गळ्यात रुळेल, आयुधांची पूजा याच्यावाचून अडेल."

"दाराला मिळाले, घोड्याला मिळाले, लोखंडालाही मिळाले," नंदिका म्हणाली. "बारा वर्षे वाट मी पाहिली होती, देवराज!"

"दुसरे काही माग."

"दुसरे मला काही नकोच होते."

दुसऱ्या दिवशी मुनी नदीतून एक कमळ घेऊन आले आणि ते तिच्या केसांत खोवायला पुढे झाले. नंदिका झेंडूला पाणी घालत होती. तिने मान वर केली नाही.

"बाजूला व्हा," ती म्हणाली, "वाफ्यात पाय पडतो आहे."

सत्राच्या पुण्याने धौम्रकांना ब्रह्मलोक मिळाला. नंदिकेचे पुढे काय झाले, हे कोणी लिहून ठेवले नाही. आजही दसऱ्याला झेंडूच्या माळा दारांवर, चाकांवर, हत्यारांवर चढतात. ज्या बाईने तो झेंडू परसात वाढवलेला असतो, ती माळ ओवते, चौकटीला बांधते, उग्र वासाचे हात धुते, आणि स्वतःच्या केसांसाठी दुसरे फूल शोधते.