पाठीवरची माती

वारणेच्या खोऱ्यात, डोंगराच्या पोटाशी हिंगणदरे नावाचे गाव आहे. त्या गावात वेणूगिर महाराज चौतीस वर्षे राहिले. ते कुठून आले, त्यांचे गुरू कोण, हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि विचारायचे धाडसही कुणाला झाले नाही. त्यांना मठ नव्हता, गादी नव्हती. तालमीला लागून एक पडवी होती, तिथे त्यांचे कांबळे पडलेले असायचे. पहाटे उठावे, तालमीच्या हौद्यातल्या लाल मातीवर पाणी शिंपडावे आणि मग मारुतीच्या कोनाड्याखाली डोळे मिटून बसावे, असा त्यांचा नेम. स्वतः कधी कुस्ती खेळल्याचे कुणी पाहिले नाही. पण हौद्यात उतरणाऱ्या प्रत्येक मुलाचे पाऊल ते डोळे न उघडता ओळखत.

गावात हायस्कूल झाले, तेव्हापासून शाळेची मुले कुस्ती शिकायला याच तालमीत येऊ लागली. त्यांना शिकवायचे दौलू वस्ताद. त्या वर्षी जिल्ह्याच्या शालेय कुस्त्या मार्गशीर्षात ठरल्या होत्या आणि हिंगणदऱ्याकडून दोन नावे पक्की होती. एक पाटलांचा जयसिंग. दहावीतला, अंगाने भरलेला. दोन वर्षांत त्याची पाठ कुणी मातीला लावली नव्हती. दुसरा वरच्या धनगरवाड्यावरचा बिरू, नववीतला, काटक आणि अबोल.

बिरू अंधार असतानाच डोंगर उतरायचा. महाराजांसाठी तांब्याभर शेळीचे दूध आणायचा, त्यांना नमस्कार करायचा आणि फावडे घेऊन सगळा हौदा खणून ठेवायचा. बाकीची मुले येईपर्यंत माती लोण्यासारखी झालेली असायची. जयसिंगला हे बघून हसू यायचे.

"काय रं बिऱ्या, पैलवान हुणार हाईस का पुजारी?"

"दोन्हीबी न्हाई दादा. माती खणली की अंग मोकळं हुतं, म्हणून खणतो."

"आन दूध? त्या बाबाला दूध पाजून ताकद तुझ्यात येती व्हय?"

बिरू नुसता हसायचा. महाराज तिथेच बसलेले असायचे. त्यांनी ऐकले की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कधी कळत नसे.

एका सोमवारी सकाळी वस्ताद नावांचा कागद द्यायला हेडमास्तरांकडे गेले होते. जयसिंगने शड्डू ठोकला आणि बिरूला हौद्यात बोलावले. बिरूने मातीला हात लावून सलामी दिली. कुस्ती बराच वेळ चालली. जयसिंगला वाटले होते त्यापेक्षा फार जास्त वेळ. दोनदा तर त्याचाच पाय सुटत होता. मुले गप्प होऊन बघत होती, आणि ते गप्प बसणे जयसिंगला झोंबले. त्याने सगळा राग एकवटून बिरूला धोबीपछाड मारली. बिरू सपशेल पाठीवर आपटला. असा आवाज आला की कोनाड्यातला दिवा हलला.

आता त्या तालमीची एक रीत होती. जिंकणाऱ्याने पडलेल्याला हात देऊन उठवायचे आणि त्याच्या पाठीची माती आपल्या तळहाताने झाडायची. वस्तादांच्या वस्तादांपासून ती चालत आलेली. पाठ झाडून झाली की कुस्ती संपली, तोवर नाही. बिरूने पडल्या पडल्या हात वर केला. जयसिंगने त्या हाताकडे पाहिले आणि तो हौद्याबाहेर निघाला.

एक मुलगा हळूच म्हणाला, "जयसिंग, पाठ झाडायची राहिली."

"मेंढरं राखणाऱ्याच्या पाठीला माती शोभती. लईच वाटत आसंल तर त्याच्या महाराजाला सांगा झाडायला!"

दोन-चार मुले हसली. महाराजांनी डोळे उघडले. ते म्हणाले, "बाळ, माती पाठीवर ठेवून जाऊ नये. ती जड होत जाते."

"मग हू दे की जड," जयसिंग म्हणाला आणि टॉवेल खांद्यावर टाकून चालता झाला.

दुसऱ्या दिवशी तो भाकरी खायला वाकला, तेव्हा त्याच्या आईने विचारले, "कुणी पाडलं रं तुला?"

"मला? मला कोण पाडतंय?"

"मग ही पाठ बघ की."

त्याने हात मागे नेला. बोटांना थंड, ओलसर माती लागली. मानेपासून कमरेपर्यंत सगळी पाठ लाल होती. चितपट झालेल्या पैलवानाची असते तशी. रात्री तर त्याने न्हाणीत चोळून चोळून आंघोळ केली होती! त्याने पुन्हा अंग धुतले. लाल पाणी वाहून गेले. अंग पुसून त्याने सदरा घातला, आणि गुंड्या लावेपर्यंत पाठीला पुन्हा तो गारवा जाणवला, जणू कुणी ओला तळहात ठेवून उभे आहे.

शाळेत त्याच्या सदऱ्याकडे बघून मुले कुजबुजू लागली. जयसिंग चितपट झाला, पण कुणी केला? तो म्हणाला, शेताच्या बांधावर घसरलो. बुधवारी त्याने नदीच्या वाळूने पाठ घासली, रक्त निघेपर्यंत. नदीतून बाहेर पडला तेव्हा माती होतीच. आणि आता तिला वजन आले होते. रोज पाचशे जोर मारणारा गडी, तीस जोर झाले की त्याचे हात थरथरत. पोते घेतल्यासारखा तो वाकून चालू लागला. झोपेत कूस बदलली की अंथरुणात माती खाली ओघळल्याचा आवाज येई. उठून बघावे, तर अंथरूण स्वच्छ.

या तीन दिवसांत बिरू खाली आला नव्हता. जयसिंगने ते मनावर घेतले नव्हते, किंवा घेतले नाही असे स्वतःला सांगितले होते. सोमवारनंतर तोही तालमीकडे फिरकला नव्हता. गुरुवारी दुपारी, ऊन डोक्यावर असताना, तो कुणी नसेल अशा वेळी तालमीत शिरला. आत गार होते. हौद्याच्या काठावर दौलू वस्ताद फावडे टेकून बसले होते. म्हातारा माणूस, पण त्याचा असा चेहरा जयसिंगने कधी पाहिला नव्हता.

"जयसिंगा, हिकडं ये. ह्ये बघ."

हौद्याच्या मधोमध मातीत एका माणसाच्या पाठीचा खोल ठसा उमटला होता. दोन खांदे, मधली कण्याची पन्हळ, कमरेची खोलगट जागा. सगळे स्पष्ट. भोवतालची माती नुकतीच सारखी केलेली होती आणि तिच्यावर कुणाचे पाऊल नव्हते.

"सोमवारपासनं हितंच हाय. रोज खणतो, रोज सारखी करतो. माझी पाठ वळली की पुन्हा तशीच," वस्ताद म्हणाले. "वर बिरू हातरुणाला खिळलाय. डाक्टर यिऊन गेला. हाड मोडलं न्हाई, शीर न्हाई, काय न्हाई. पर पोराला बसता ईना. सारखं आईला म्हणतंय, आये, मला उचल, मी हौद्यात हाय, माती लई गार हाय."

जयसिंग हौद्यात उतरला. त्याने वस्तादांच्या हातातले फावडे घेतले आणि तो ठसा बुजवायला सुरुवात केली. दहा फावडी घातली, वीस घातली. माती पडायची आणि आत जिरून जायची, जशी तापल्या तव्यावर पाण्याची धार. ठसा होता तेवढाच राहिला. उलट प्रत्येक फावड्यासरशी त्याच्या स्वतःच्या पाठीवर ओझे वाढत गेले. शेवटी तो गुडघ्यावर आला. आणि त्या शांततेत त्याला ऐकू आले, हौद्यातून, अगदी खालून, कुणीतरी दमून श्वास घेत होते.

तो रांगतच कोनाड्याखाली बसलेल्या महाराजांपाशी गेला. "महाराज, सोडवा मला!"

महाराज म्हणाले, "मी कुठे धरले आहे तुला?"

"माझ्या पाठीवरची माती जात न्हाई."

"ती तुझी नाहीच, तर तुझ्या धुण्याने कशी जाईल? ज्याची आहे त्याच्याकडे जा."

"मी... मी त्याच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ, महाराज? त्याची आई काय म्हणंल?"

"ते ती ठरवील," महाराज म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

वस्तादांनी फावडे भिंतीला टेकवले. त्यांना कळायचे ते कळले होते. ते एवढेच म्हणाले, "परवा कुस्त्या हायत. पर आता मला त्याचं काय न्हाई. पोरगं उठू दे म्हंजे झालं."

शुक्रवारी सकाळी धुके एवढे दाट होते की हातभर पुढचे दिसत नव्हते. जयसिंग एकटाच डोंगराला लागला. ओझ्याने त्याची छाती मांड्यांना टेकत होती. दर दहा पावलांवर त्याला थांबावे लागे. निम्म्या वाटेवर त्याला जाणवले की तो थांबला की आणखी एका माणसाची पावले थांबतात. तो निघाला की ती निघतात. उजव्या हाताला, धुक्यात, अगदी जवळ. "कोण हाय?" त्याने विचारले. उत्तर आले नाही. पण जिथे वाट कड्यावरून जाते, तिथे त्याचा पाय निसटला आणि कुणीतरी त्याचे दंड धरून त्याला आत ओढले. त्याने मागे वळून पाहिले. धुक्याशिवाय तिथे काही नव्हते.

बिरूची आई, भागूबाई, दारातच उभी होती.

"ये," ती म्हणाली. "आत्ताच महाराज यिऊन गेलं. म्हणालं, पाटलाचं पोरगं येतंय, त्याला आत घे, रागावू नको. न्हाईतर मी तुला उंबऱ्याला पाय लावू दिला नसता."

"महाराज? हितं आलं हुतं?"

"तुझ्या म्होरं चार पावलं."

जयसिंग तिथेच बसला आणि मान खाली घालून त्याने सगळे सांगितले. बिरूने कसा हात वर केला होता, आपण कसे निघून गेलो, काय बोललो. मेंढरांचे बोलणेही त्याने गाळले नाही. भागूबाई ऐकत राहिली. मग तिने पदराने डोळे पुसले आणि ती दारातून बाजूला झाली.

आत घोंगडीवर बिरू पालथा पडला होता. त्याची पाठ उघडी होती, स्वच्छ, कोरडी. तिच्यावर मातीचा कण नव्हता. जयसिंग गोंधळला. इथे झाडायचे तरी काय? पण त्याने तळहात बिरूच्या मानेखाली ठेवला आणि खाली ओढला.

घोंगडीवर लाल माती पडली.

त्याने पुन्हा हात फिरवला. पुन्हा ओंजळभर माती. हळद, ताक आणि तेल मुरलेल्या त्या मातीचा वास झोपडीत भरला. तो वास तालमीच्या हौद्याखेरीज कुठे येत नाही. भागूबाईने तोंडावर हात घेतला. उघड्या, कोरड्या कातडीवरून माती गळत होती, आणि गळत राहिली. जयसिंग झाडत होता. आधी भीतीने, मग रडत, मग रडणेही थांबले आणि तो नुसता झाडत राहिला, एखाद्या दमलेल्या जनावराला थोपटावे तसा. आपली पाठ केव्हा सरळ झाली ते त्याला कळलेच नाही. घोंगडीशेजारी ढीग गुडघाभर झाला तेव्हा बिरूने मान वळवली.

"जयसिंगदादा, पुरं की आता. हात दुखला आसंल."

आणि तो उठून बसला! चार दिवस ज्याला कूस बदलता येत नव्हती, तो पोरगा दोन्ही हात टेकून उठला आणि आईला म्हणाला, "आये, भूक लागली."

भागूबाईने दोघांनाही दूध-भाकरी वाढली. माती मात्र घरात ठेवायची नव्हती. ती तालमीची होती. जयसिंगने घमेले मागितले. बिरू उचलू लागला, तर त्याने त्याला हात लावू दिला नाही. पाटलाचा पोरगा डोक्यावर घमेले घेऊन गावातून चालला, तेव्हा पारावरची माणसे उठून उभी राहिली. अशा त्याने सात खेपा केल्या. ऊन चढले, धुके गेले, तरी तो थांबला नाही.

शेवटची खेप हौद्यात ओतली तेव्हा शाळेची सगळी मुले काठावर जमली होती. तो ठसा भरून आला आणि माती सारखी झाली. जयसिंगने वस्तादांना विचारले, "महाराज सकाळी वर कधी गेलं हुतं?"

"वर?" वस्ताद म्हणाले. "आरं, पहाटपासनं मी हितंच बसलोय. महाराजांनी ह्या कोनाड्याखालनं पाय हलवला न्हाई."

जयसिंगने महाराजांकडे पाहिले. त्यांच्या पायांना डोंगरावरची काळी चिखलमाती लागलेली होती. अजून ओली होती.

महाराजांनी विचारले, "आणि उद्या हरलास तर?"

आठवड्यापूर्वी हा प्रश्न कुणी विचारला असता, तर जयसिंग अंगावर धावून गेला असता. आता त्याने जरा विचार केला. "हरलो तर हरलो, महाराज. समोरच्याला नमस्कार करून यीन. माझ्या जागी बिरू लढला तरी चालंल."

"तो त्याच्या जागी लढेल, तू तुझ्या," महाराज म्हणाले.

मग जयसिंगने सगळ्या मुलांदेखत आधी बिरूचे पाय शिवले. बिरू लाजून मागे सरला. नंतर तो महाराजांपुढे आडवा झाला आणि त्या चिखलाने भरलेल्या पावलांवर त्याने कपाळ टेकले. दोन वर्षांत कुणाला न वाकलेले ते डोके किती वेळ तिथे राहिले, हे बघणाऱ्यांनाही सांगता आले नाही. महाराजांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला, तेव्हा कुठे त्याला हुंदका फुटला.

ज्या ज्या गावी लेकरे लंगोट कसून मातीत उतरतात, तिथे तिथे वेणूगिर महाराजांची नजर असो, आणि ही कथा ऐकणाऱ्यांच्या घरातले कुणीही पडलेले, उठल्यावाचून न राहो.