रिंगमधली फट

“मग बांधू ना इंजिन, वस्ताद?”

रोहिदासने विचारलं. तुटलेल्या रिंगचे तुकडे हसनवस्ताद फडक्यावर गोल मांडत बसले होते.

अजूनही कुठे ऑइल-पेट्रोलचा तो गोडसर वास आला, की रोहिदासला नारळीखालची ती पत्र्याची शेड आठवते. समोर समुद्र, आणि वस्तादांची ती गप्प पाठ. आता किनाऱ्यावर धूर न सोडणाऱ्या गाड्या फिरतात. बऱ्या आहेत. पण त्यांना वास नाही.

तेव्हा रोहिदासने स्वतःची पहिलीवहिली गाडी घेतली होती. टू-स्ट्रोक एटीव्ही, चार जाड चाकांची, वाळूत पळणारी. दसऱ्याला तिला हार घालायचा, लेकीला, ओवीला, पुढे बसवून किनाऱ्यावर चक्कर मारायची आणि त्याच दिवशी पर्यटकांना फिरवायचा धंदा सुरू करायचा. गावभर सांगून झालं होतं. आणि ऐन वेळी पिस्टनची रिंग आत तुटली.

नवा पिस्टन, नव्या रिंगा आणून तयार होत्या. उद्या खंडेनवमी. हत्यारं एकदा पूजेला लागली की पाना उचलता येत नाही.

“हाफ इंजिन पुरे, वस्ताद. खालचं कशाला उघडायचं? तुकडे सगळे मिळाले.”

“सगळे?”

“हा काय, गोल पुरा झाला.”

“मधे फट आहे.”

रोहिदास हसला. “रिंगला फट असतेच, वस्ताद. तुम्हीच शिकवलंत.”

“हं...”

वस्तादांनी नवी रिंग उचलली आणि रिकाम्या सिलिंडरमध्ये सरकवली. दाबली गेल्यावर तिची टोकं भिडत आली. मधे नख जाईना.

मग ती काढून तुटके तुकडे ग्रीस लावून त्याच जागी एकापुढे एक चिकटवले.

या खेपेला मधे तांदळाचा दाणा मावला असता.

रोहिदासचं हसू मावळलं. पण ताठ मान काही वाकेना.

“उरलेला तुकडा सायलेन्सरमधून उडून गेला असेल.”

“असेल.”

“बहुतेक गाड्यांत तसंच होतं.”

“होतं.”

“म्हणजे तुकडा आत नाहीच.”

“दाखव.”

“काय दाखवू? जे नाहीच ते कसं दाखवायचं?”

वस्तादांनी सिलिंडरमधल्या फटीवर बोट ठेवलं.

तेवढ्यात रोहिदासची बायको सुगंधा चहा घेऊन आली. कडेवर ओवी.

“झालं का? सकाळपासून नुसतं गाडी-गाडी चाललंय हिचं.” ती लेकीला सीटवर ठेवायला वाकली.

वस्तादांनी नुसता हात आडवा धरला.

सुगंधा थबकली. “काय झालं, वस्ताद?”

“रिंगचा एक कण सापडत नाही. आत असला तर पळत्या गाडीचं इंजिन जाम होईल, चाकं जागच्या जागी अडकतील. नसला तर काहीच नाही.”

“उडून गेला असेल गं,” रोहिदास म्हणाला.

तिने ओवीला घट्ट धरलं.

“वस्ताद, घरात काचेचा पेला फुटला तर हे मला चारदा झाडायला लावतात. वर स्वतः लादीवर हात फिरवत बसतात, पोर अनवाणी फिरते म्हणून. आणि इथे म्हणे, असेल!”

वस्ताद खो-खो हसले. “रोहिदास, घरात वस्ताद असताना माझ्याकडे कशाला आलास रे?”

रोहिदासला झोंबलं. रागारागातच त्याने पाना उचलला.

“खोलतो फुल इंजिन. पण काही निघालं नाही, तर गावासमोर सांगायचं, रोहिदास बरोबर होता.”

“सांगेन.”

इंजिनाच्या खालच्या पेटीचे, क्रँककेसचे, दोन भाग वेगळे झाले. रॉकेलने धुतले. धुतलेलं रॉकेल पंच्यातून गाळलं. कोपऱ्याकोपऱ्यातून लोहचुंबक फिरवलं. बेअरिंगची गोळीन् गोळी बॅटरी लावून पाहिली. सायलेन्सर काढून दगडावर आपटला, तेव्हा काळी मळी तेवढी पडली.

रागाने धरलेलं काम कधी मन लावून होऊ लागलं, त्याचं त्यालाच कळलं नाही. चहा तसाच निवून गेला.

ऊन उतरलं तेव्हा इंजिन पुन्हा बांधून झालं होतं. किक मारताच ते खणखणीत बोललं.

“ऐका!” रोहिदास ओरडला. “दिवस फुकट गेला, वस्ताद. आत काही नव्हतंच! आता सांगा गावाला.”

वस्ताद उठले. हात पुसले, मग पुन्हा एकदा पुसले. सुगंधाच्या कडेवरून ओवीला घेतलं आणि अलगद सीटवर बसवलं.

“सांगतो की. तू बरोबर होतास...”

पोरीने हँडल घट्ट धरलं.

“सकाळीसुद्धा आत काही नव्हतं. पण सकाळी मी हिला बसवली नसती.”