वाकलेल्या आकाशाचे तळे

बाणू लहान होती. गरीब होती. तिला आई नव्हती. वडील, म्हणजे आबा, आणि मेंढ्यांचा कळप, एवढेच तिचे घर. वैशाखात माळ करपला. पाण्याच्या भोपळ्यात घोटभर पाणी उरले. दिवस बुडेपर्यंत पाणी मिळाले नाही, तर मेंढ्या मरणार होत्या.

समोर निळेशार तळे लखलखत होते.

“आबा, मघापासनं चालतोय. तळं मागंच सरकतंय.”

“तुझे पाय आखूड. चल गुमान.”

वाटेत एक पिटुकले, पांढरे कोकरू बसले. उठेना. बाणूचा घसा कोरडा होता. तरी तिने शेवटचा घोट त्याच्या तोंडात ओतला.

तेवढ्यात झळाळत्या हवेतून इवलीशी परी उतरली. पंख केशरी, कडा सोनेरी. ते हलले की जांभळ्या, पोपटी चांदण्या झडत.

“मी ऊनपरी. एक वर माग. पण नसलेले मी देत नाही. असलेले दाखवते.”

“मेंढरांना ते तळं दे.”

“ते तळे नाही, सोनुल्ये. ते आकाश आहे. भुई तापली की तिच्यालगतची हवा तापून विरळ होते. आकाशाचा उजेड तिरका खाली येतो, त्या हवेत वाकतो आणि वर तुझ्या डोळ्यांत शिरतो. तुला वाटते, तो भुईतूनच आला. निळे दिसते, हलते, म्हणून तू त्याला पाणी म्हणतेस.”

“मग खरं पाणी दाखव.”

परीने बोट धरले. बाणू सावरीच्या कापसासारखी वर गेली. उंचावरून तळे पुसले गेले. उरली भेगाळलेली भुई. मागे मात्र एका घळीत करंजाची झाडे हिरवीगार होती. त्यांच्याखाली झरा चमकत होता.

खाली येताच ती ओरडली, “आबा, पाणी मागं हाय! घळीत!”

“डोळे फुटलेत का माझे?”

“त्या धोंड्यावर चढून बघा की!”

आबा कुरकुरत चढले. तळे विरले. मागे वळून पाहिले, तर घळीत हिरवी झाडे दिसली. काठी फिरवून त्यांनी कळप मागे वळवला.

झऱ्यावर मेंढ्या पोटभर प्यायल्या. ऊनपरी पाण्यावर टेकली, सोनेरी झाली, पांढरी झाली आणि उजेडात मिसळून गेली.

मेंढ्यांचे झाले की घरात थोरल्याने आधी प्यायचे, ही रीत. आबांनी ओंजळ भरली आणि बाणूच्या तोंडाला लावली.