घोंगडीआडची परीक्षा

एका डोंगराळ गावात सातवीपर्यंतची एक शाळा होती. गावातलीच एक मुलगी दूर देशी शिकून त्या शाळेत बाई म्हणून आली. बाईंना वाटले होते, सगळी मुले खांद्याला खांदा लावून शिकत असतील. पाहतात तर सातवीच्या दोन तुकड्या! पहिल्या तुकडीत पेठेतली मुले, दुसरीत माळावरची. पहिलीला भूमिती, विज्ञान आणि पुढे शहरातली मोठी शाळा. दुसरीला दुपारभर बागेला पाणी घालायचे काम आणि पुढे काहीच नाही.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. पेठेतून शाळेच्या थोरल्या गुरुजींकडे येणाऱ्या आंब्यांच्या करंडीकडेही त्या संशयाने पाहू लागल्या.

"गुरुजी, मुले निवडता कशी?"

"तोंडी परीक्षा घेतो. ज्याला येते तो पहिलीत. माळावरच्यांना येत नाही, त्याला मी काय करू?"

"यंदा परीक्षा मी घेईन."

"घ्या की! तुमच्या परदेशी तराजूत त्यांचे वजन वाढते का बघू."

बाईंनी वर्गाच्या दारात घोंगडी टांगली. चेहरा दिसायला नको, नावही कळायला नको. त्या आतून प्रश्न विचारणार, मुलांनी एकेक करून बाहेरून उत्तर द्यायचे.

"विहिरीला रहाट कशासाठी लावतात?"

"रहाटामुळे श्रम कमी होतात," एक आवाज म्हणाला.

"पहिली तुकडी!"

दुसरा आवाज म्हणाला, "वज्जं तेवढंच ऱ्हातंय बाई, पर अंगाचा भार खाली टाकता येतो. म्हनून वडायला सोपं."

"अं? नीट सांग." आवाजाने पुन्हा तेच सांगितले. "दुसरी तुकडी!"

संध्याकाळी घोंगडी उतरली. पुन्हा पेठ पहिलीत, माळ दुसरीत. गुरुजी मिशीत हसले. यांनीच उत्तरे फोडली, असे बाईंनी गृहीत धरले. पायरीवर मेंढपाळाची मुलगी रडत बसली होती. बाईंनी तिला गाठले.

"खरं सांग, गुरुजींनी कुणाला उत्तर सांगितलं?"

"गुरुजींनी काय न्हाई केलं. तुमी केलंसा."

"मी?"

"त्यो निस्तं 'श्रम कमी' म्हनला. का कमी, ते म्या सांगितलं. त्याला पहिली, मला दुसरी! आता बा म्हनंल, शाळा सोड, मेंढरांमागं चल." तिने नाक पुसले. "घोंगडीनं तोंड झाकलं, बाई. बोली कुटं झाकली?"

घरी जाताना बाईंनी एकेक उत्तर आठवले. ज्या आवाजात माळ ऐकू आला, त्याला त्यांनी 'नीट सांग' म्हटले होते आणि मग नीट ऐकलेच नव्हते. साऱ्या गावावर त्यांनी संशय घेतला होता, फक्त स्वतःचे कान सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आधी माळावर गेल्या. मेंढपाळाला म्हणाल्या, "दादा, पोरीला शाळेत पाठवा. चुकली ती नाही, मी चुकले."

मग शाळेत येऊन त्यांनी दोन्ही तुकड्या मोडल्या आणि पेठेतल्या एकाशेजारी माळावरचे एक, अशी मुले बसवली.

"अहो बाई, हुशार मुलांचे नुकसान होईल!" गुरुजी ओरडले.

"हुशार कोण, हे ठरवणारे कान कालच नापास झाले, गुरुजी. आता सगळी एकत्र शिकतील आणि शहरातल्या शाळेत जायची संधीही सगळ्यांना मिळेल."

तात्पर्य: ज्या मापाने मुलांना मोजायचे, त्या मापावर सगळ्यात आधी संशय घ्यावा.