कोंडाईनं धरलेला दोर

फार वर्षांपूर्वी, आग्यादरीच्या डोंगराला अजून सडक शिवली नव्हती, तेव्हा कड्याखालच्या वाडीत कोंडाई राहत होती. बिथरलेला बैल ती शिंगं धरून जागच्या जागी वळवायची, असं म्हणतात.

त्या कड्याच्या पोटाला आग्या मोहोळं लटकायची, एकेक सुपाएवढं. चैत आला की वाडीतले गडी वाखाच्या दोरानं खाली उतरायचे आणि मध काढायचे. वर दोराचा एक वेढा झाडाच्या बुंध्याला असायचा, आणि दुसरं टोक धरायचं ते बायकोच्या भावानं. रिवाजच तसा. सख्खा भाऊ एखाद्या वेळी जमिनीच्या वाटणीचा विचार करील, पण मेहुणा हात सोडणार नाही. बहिणीचं कुंकू त्याच्या मुठीत असतं.

कोंडाईचा नवरा बुधा उतरायचा, आणि वर तिचा धाकटा भाऊ लहानू. उतावळं पोर, बोलायच्या आधी हसणारं. "दाजी, सोडू का?" असं मुद्दाम ओरडायचा, आणि खालून बुधा त्याला शिव्या घालायचा. अख्खी दरी हसायची.

एका श्रावणात लहानू तापानं गेला. सकाळी औत घेऊन गेलेलं पोर, चार दिवसांत राख. कोंडाईनं त्याचं घोंगडं उराशी धरलं, ते सोडलंच नाही.

त्याच सुमाराला तिची पाळी थांबली. बसल्या जागी अंगातून आगीचा लोळ उठायचा, छातीतून मानेवर, मानेवरून कानांत. झोप उडाली. कशाला उठलो तेच आठवेना. देवीच्या जत्रेत असाच लोळ आला आणि डोक्यावरचा भरला हंडा सुटला, तो नेमका केरू पाटलाच्या पायावर.

"झालं," पाटील पाय चोळत म्हणाला, "कोंडी आटली!"

लोक हसले. कोंडाई घरी आली आणि दार लावून बसली. जेवण सोडलं, नदीवर जाणं सोडलं.

मग राही सुईण आली. तिनं दार वाजवलं नाही, ढकललं.

"मरायला बसलीस व्हय गं?"

"मावशी, अंगात जाळ हाय."

"माझ्याबी होता. आला तसा गेला. तू त्याला भितीस, म्हणून त्यो तुला धरून बसतो. आला की येऊ दे. लांब श्वास घे, आन् उभी रहा. नाचणीची भाकर खा, तीळ खा, ताक पी. रोज कडा चढ. आन् भावासाठी रडायचं ते माझ्यापाशी बसून रड, एकटी नको."

कोंडाई उठली. पहिल्या दिवशी निम्म्या वाटेवरच बसली. पण रोज चढली. पुढं डोक्यावर धोंडा घेऊन चढायला लागली. लोळ यायचा, ती थांबायची, लांब श्वास घ्यायची, आणि तो अंगावरून निघून जायचा. मांड्या घट्ट झाल्या, झोप परत आली. लहानूसाठी रडणं थांबलं नाही, पण आता ती चालता चालता रडायची. ज्या वाटेनं कोंडाई चढली, त्या वाटेवरचे धोंडे पायऱ्या होऊन बसले, असं म्हणतात.

चैत आला. ज्याचा दोर त्या चैतात उतरला नाही, त्याचा कडा दुसऱ्या घराला जायचा. पाटलाची नजर बुधाच्या कड्यावर होतीच. सगळी वाडी वर जमली. मेहुणा नाही, तर दोर कोण धरणार?

"मी," कोंडाई म्हणाली.

पाटील म्हणाला, "बाईचा हात लागला तर विटाळानं मोहोळ उठतं."

"माझा विटाळ सरला, पाटील. तुम्हीच तर गावभर सांगितलंत."

बायका पदराआड हसल्या. पाटील चिडला. "मग बळबी सरलं! हंडा पेलला न्हाई, नवरा पेलशील व्हय?"

"लहानू दोर धरायचा तो माझं कुंकू राहावं म्हणून. कुंकू माझं, मग दोर माझ्या हातात का न्हाई?"

बुधानं एकदा बायकोकडं पाहिलं, दोर कमरेला बांधला आणि कड्यावरून पाय खाली सोडला.

तो मोहोळाशी पोचला, पहिलं पोळं कापलं, आणि वारा फिरला. माश्या हटवायला केलेला धूर उलटा वर आला. मोहोळ उठलं. आकाश काळं झालं. गडी पळाले, पाटील सगळ्यांच्या पुढं. बायका झाडांमागं दडल्या. दोरापाशी उरली ती एकटी कोंडाई, आणि तेवढ्यात तिच्या अंगात लोळ उठला. कधी आला नव्हता असा. डोळ्यांपुढं अंधारी आली, तळवे घामानं निसरडे झाले, आणि दोर वीतभर सरकला. खालून बुधा ओरडला, "कोंडे!"

कोंडाईनं दोर कमरेभोवती फिरवला. पाय रोवले. "ये," ती त्या जाळाला म्हणाली, "ये, मी हाय हितंच."

आणि मग ते झालं. घामाच्या ओलीवर माश्या उतरल्या. मानेवर, दंडावर, पाठीवर, अंगभर. उन्हाळ्यात माश्या आपलं मोहोळ पंखांनी वारा घालून गार ठेवतात. तशा त्या कोंडाईला वारा घालू लागल्या. एकीनंही नांगी मारली नाही. झाडामागून बायकांनी पाहिलं, काळंसोनेरी लुगडं नेसलेली बाई उभी आहे, आणि ते लुगडं गुणगुणतं आहे.

लोळ ओसरला. कोंडाईनं हातभर हातभर दोर ओढला आणि नवरा वर काढला, मधाच्या डब्यासकट. बुधा कड्यावर आडवा पडला आणि धापा टाकत म्हणाला, "तुझा भाऊ तरी सोडू का म्हणून इचारायचा. तू तेबी इचारलं न्हाईस."

कोंडाई हसली. श्रावणानंतर पहिल्यांदा. म्हणतात, ते हसू दरीच्या पलीकडच्या गावात ऐकू गेलं.

त्यानंतर ती म्हातारी होईपर्यंत दरसाल दोर धरत राहिली, आणि तिच्या हातून एकही माणूस पडला नाही.

आजही आग्यादरीत दोर धरते ती पाळी सरलेली बाई. तिला दोरकरीण म्हणतात, आणि पहिल्या पोळ्याचा मध तिच्या तळहातावर. वाडीतल्या बायका अजून सकाळी कडा चढतात, सासवा, सुना, सगळ्या. आणि भर कापणीत एखादीच्या अंगातून लोळ उठला, तर ती लपवत नाही. विळा खाली ठेवते आणि मोठ्यानं सांगते, "कोंडाई आली गं!" मग साऱ्याजणी तिच्याभोवती गोळा होतात, पदरांनी वारा घालतात आणि तोंडानं माश्यांसारख्या गुणगुणतात. बांधावरचे गडी तोवर पाणी आणून देतात. आणि जाळ ओसरला, की कापणीची पुढची ओळ तीच धरते.