मुंगीनं न शिवलेलं गोड

वेणूनाथ महाराज बोरखिंडीला आले तेव्हा गावात त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. ओढ्यापलीकडे चिंचेखाली एक पडकी धर्मशाळा होती, तिथं त्यांनी आसन टाकलं आणि पुढं सोळा वर्षं ते तिथून हलले नाहीत. गुराढोरांशी, चिमण्यांशी, किडामुंगीशी ते माणसांशी बोलावं तसं बोलत. शहाणी माणसं म्हणत, गोसावी डोक्यानं जरा कमी आहे. शहाण्या माणसांना दुसरं काय सुचणार म्हणा! आजची गोष्टही अशाच एका शहाण्या माणसाची आहे, तेव्हा सावरून बसा.

त्या गावात ठकूबाई काळदाते नावाची एक विधवा बाई राहत असे. महाराजांवर तिची भारी श्रद्धा. तिची एकुलती एक मुलगी मंजुळा हिचं लग्न पिंपरखेलच्या भिवाजीरावांच्या दिनकरशी ठरलं होतं. स्थळ तालेवार, मुलगा गुणी, ठकूबाईला आभाळ ठेंगणं झालं होतं. आता काळदात्यांच्या घराण्यात एक रीत होती. मुलीच्या लग्नाला हलवाई लावायचा नाही. जावा, नणंदा, भावजया, ज्या त्या बाईनं आपल्या घरून आपल्या हातचा एक गोड पदार्थ करून आणायचा आणि त्यावरच पंगत उठवायची. मुलगी सासरी निघताना घराण्यातल्या प्रत्येक बाईचा हात तिच्या लग्नाला लागलेला असावा, एवढाच त्यातला भाव.

लग्नाच्या आठ दिवस आधीपासून गोड येऊ लागलं. थोरल्या जावेचे अनारसे, नणंदेच्या सांजोऱ्या, भावजयीचे डिंकाचे लाडू, कुणाच्या करंज्या, कुणाची गूळपापडी. टोपल्यांवर टोपल्या लागल्या. पण घर जुन्या मातीचं, भिंतीभिंतीतून मुंग्या. ठकूबाई रडकुंडीला येऊन महाराजांकडे गेली.

"महाराज, पाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले तरी मेल्या आढ्यावरून उतरतात. माझ्या लेकीच्या लग्नाचं सगळं गोड नासवतील."

महाराज म्हणाले, "मेल्या कशाला म्हणतेस? त्यांना कुणी नीट सांगितलंय का? चल, आम्ही सांगतो."

महाराज तिच्या घरी आले, कोपऱ्यात वाकले आणि भिंतीला तोंड लावून म्हणाले, "बायांनो, घरात कार्य आहे. पाहुणा जेवेपर्यंत कणालाही शिवायचं नाही." एवढं बोलून ते निघून गेले. जमलेल्या बायकांनी पदराआड हसून घेतलं. पण त्या दिवसापासून एकही मुंगी टोपलीकडे फिरकली नाही. ठकूबाईनं मनोमन हात जोडले आणि ती निश्चिंत झाली. याच कृपेपायी आपल्या गळ्याशी येणार आहे, हे त्या माउलीला कुठं ठाऊक!

लग्नाच्या दिवशी सकाळी भिवाजीराव वऱ्हाड उतरलं होतं त्या जानवशातून उठून थेट ठकूबाईच्या घरी आले. माणूस उंचापुरा, डोक्याला रेशमी पटका, आणि नजर अशी की समोरच्यानं उगाच आपला खिसा चाचपावा. दारातच त्यांनी विचारलं, "बुंदी कुठं पाडताय, विहीणबाई? आचारी दिसत नाही कुठं."

"बुंदी नाही, पाव्हणं. आमच्यात घरचं गोड असतं."

"घरचं म्हणजे कुणाच्या घरचं?"

"सगळ्याच जणींचं. नऊ घरचं आहे."

भिवाजीरावांच्या मनात पाल चुकचुकली. नऊ बायका, नऊ चुली, कुणी काय घातलं कोण जाणे. ते आत आले. एकेका टोपलीवरचं फडकं वर करून बघू लागले, वास घेऊ लागले. एका कोपऱ्यात लाल कापडानं बांधलेला लहानसा डबा होता.

"हे काय निराळं?"

"जावईबापूंसाठी आहे. त्यांना खोबऱ्याच्या वड्या आवडतात, असं कळलं म्हणून."

"कुणाकडून कळलं?" भिवाजीरावांनी डब्यावर बोट ठेवून विचारलं. आणि तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली. अनारशाचा एक तुकडा जमिनीवर पडला होता. भिंतीच्या कडेनं मुंग्यांची रांग चालली होती, ती त्या तुकड्यापाशी आली, दोन्ही बाजूंनी फाटली आणि पुढं जाऊन पुन्हा एक झाली. एकही मुंगी तुकड्याला शिवली नाही.

भिवाजीरावांचा चेहरा उतरला. त्यांनी टोपलीतली एक करंजी उचलली, मोडली आणि रांगेच्या मधोमध टाकली. मुंग्या वळसा घालून गेल्या. गुळाचा खडा टाकावा आणि मुंगीनं पाठ फिरवावी, असं कुणी कधी पाहिलंय? दारात जमलेल्या माणसांत कुजबुज सुरू झाली.

"या गोडात काहीतरी कालवलंय," भिवाजीराव म्हणाले. आवाज चढा नव्हता, आणि म्हणूनच सगळे घाबरले. "माझा धाकटा भाऊ रंगनाथ बारा वर्षांमागं असाच सासुरवाडीला गेला तो परत आला नाही. सासूनं काहीतरी चारलं आणि सख्खा भाऊ परका झाला. आता मला एकच पोरगा आहे. तो मी घालवणार नाही. चला, गाड्या जुंपा."

ठकूबाईच्या पायाखालची जमीन सरकली. तिनं समोरचा अनारसा उचलला आणि सगळ्यांदेखत खाल्ला. "बघा पाव्हणं, मी खाल्लं. काही नाही त्यात."

"चारणाऱ्याला उतारा ठाऊक असतो," भिवाजीराव म्हणाले.

संशयाला असं दर वेळी उत्तर सापडतं, मंडळी. आणि तो एका माणसात राहत नाही. आतापर्यंत एकमेकींच्या पदार्थांचं कौतुक करणाऱ्या त्या नऊ बायका एकमेकींकडे चोरून बघू लागल्या. थोरली जाऊ हळूच म्हणाली, "माझे अनारसे मी दार लावून केले होते, त्यात कुणाचा हात नाही." म्हणजे मग कुणाचा? नणंदेनं आपली टोपली बाजूला ओढून घेतली. ठकूबाईनं मुंग्यांची आणि महाराजांची हकीकत सांगितली, तर भिवाजीराव हसले. "मुंग्यांना हुकूम सोडणारा गोसावी? मग तर प्रकरण पुरतंच कळलं. मंतरणाराही घरचाच आहे."

आतल्या खोलीत मंजुळा हळद लागलेल्या अंगानं बसली होती. हळद लागलेल्या मुलीच्या मांडवातून वऱ्हाड परत गेलं तर तिच्या दारात पुन्हा कोण येणार? बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजू लागल्या होत्या. ठकूबाईला रडूही येईना. तिनं डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हणाली, "महाराज, तुम्हीच राखलंत, आता तुम्हीच सोडवा."

आणि खरंच, डोळे उघडते तो महाराज दारात उभे. बोलवायला कोणी गेलं नव्हतं.

"ठकू, आम्हाला भूक लागली," महाराज म्हणाले आणि सरळ जमिनीवर बसले. भिवाजीरावांनी मोडून टाकलेली करंजी धुळीत पडली होती. महाराजांनी तीच उचलली, फुंकरही न मारता अर्धी खाल्ली आणि उरलेली जिथल्या तिथं ठेवली. मग भिंतीकडे वळून म्हणाले, "पाहुणा जेवला, बायांनो. आठ दिवस वास घेत फिरताहात. खाली सांडलंय तेवढं तुमचं."

काय सांगावं त्या लीलेचं! भिंतीच्या फटीफटीतून मुंग्या निघाल्या. करंजीचा तुकडा, अनारशाचा चुरा बघता बघता काळा झाला. टोपल्या तिथंच होत्या, फडकी वर केलेलीच होती, पण टोपलीकडे एकीनंही तोंड वळवलं नाही. भिवाजीरावांच्या जोड्याजवळून रांग गेली. ते जागचे हलले नाहीत.

महाराज त्यांच्याकडे बघत म्हणाले, "भिवाजी, रंगनाथला काय चारलं, ते सांगू का?"

भिवाजीरावांनी चमकून वर पाहिलं.

"तो शेतावरून आला की तू त्याचं तोंड हुंगायचास. कुणाच्या घरी पाणी प्यालास म्हणून विचारायचास. त्याच्या बायकोनं ताट वाढलं, की आधी तिला खायला लावायचास, मग त्याला. सांग, खरं की खोटं?"

हे त्या घराच्या चार भिंतींबाहेर कुणालाही माहीत नव्हतं. भिवाजीरावांनी मान खाली घातली.

"सासुरवाडीत त्याला भाकरी आणि कालवण वाढलं. वर कुणी काही विचारलं नाही. एवढंच त्याला चारलं, भिवाजी. तेवढ्यानंच तो राहिला."

महाराज हे रागानं बोलले नाहीत, पण भिवाजीरावांना ते सोसवलं नाही. भिंतीला हात टेकून ते खाली बसले. मग त्यांनी दारातल्या माणसांना सांगितलं, "बैल सोडा. मुहूर्त टळायला नको."

लग्न लागलं. पंगत बसली. ठकूबाई वाढायला भिवाजीरावांच्या पानाशी आली. भिवाजीरावांनी नऊच्या नऊ पदार्थ वाढून घेतले आणि कशाचाही वास न घेता खाल्ले. मुलाकडचा माणूस, वराचा बाप, भरल्या मांडवात पानावरून उठला आणि त्यानं विधवा विहिणीच्या पायांवर डोकं ठेवलं. ठकूबाई संकोचून मागं सरली. बाजूला बसलेली थोरली जाऊ पदरानं डोळे पुसू लागली, आणि नणंदेनं आपल्या टोपलीतली सांजोरी तिच्या पानात वाढली.

मग भिवाजीराव चिंचेखाली महाराजांकडे गेले. हातात फडक्यात बांधलेलं थोडं थोडं सगळं गोड होतं.

"महाराज, हे रंगनाथला नेऊन द्यावं म्हणतो. बारा वर्षं त्याच्या दारात गेलो नाही." त्यांनी पुरचुंडी पुढं धरली. "मी नेलेलं तो खाईल का?"

महाराजांनी पुरचुंडीला हात लावला. मग म्हणाले, "पहिल्या दिवशी नाही खाणार. तू जात राहा."

भिवाजीरावांनी पटका काढून बाजूला ठेवला आणि महाराजांच्या पायांवर डोकं टेकलं. मग तसेच उघड्या डोक्यानं, ती पुरचुंडी छातीशी धरून, ते भावाच्या गावाची वाट चालू लागले.